सूर हवेत न सोडता

लातूरच्या ट्यूशन एरियात भाड्यानं खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर पहिली अडचण पैशांची नसते, शांततेची असते. खिडकीखाली ॲटोंची वर्दळ, शेजारच्या खोलीत मोठ्यानं चाललेलं पाठांतर, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि मध्ये खडखडणारा पंखा. नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगरच्या गल्ल्यांमध्येही वेगळं चित्र नाही. मायक्रोफोन यातलं काहीच सोडत नाही. तो जितका चांगला, तितकं बारीकसारीक जास्त टिपतो. व्यावसायिक स्टुडिओचा बराचसा खर्च होतो तो हे आवाज भिंतीबाहेर ठेवण्यावर.

कीबोर्डला मात्र ही अडचण येत नाही. त्याचा सूर जन्मतो तोच विजेच्या रूपात. हेडफोनच्या भोकातून तो वायरीत शिरतो आणि वायरीतून कॉम्प्युटरमध्ये उतरतो. मध्ये हवा लागत नाही, म्हणून हवेतला गोंगाटही लागत नाही. त्यात संगीत संथ असेल, लांब सुरांचं असेल, तर जुना लॅपटॉप आणि साधी बोटंसुद्धा पुरतात. म्हणून मराठवाड्यातल्या लहान घरात, कमी पैशांत रेकॉर्डिंग सुरू करायचं असेल, तर कीबोर्डवरचं वातावरणाचं संगीत यासारखी सुरुवात नाही, असं माझं ठाम मत आहे.

वातावरणाचं संगीत म्हणजे ज्यात चाल आणि ठेका मागं राहतात आणि सुराचा पोत पुढं येतो. ऐकणाऱ्याभोवती ते एक जागा तयार करतं. फ्रान्सच्या एरिक साती यानं १९१७ मध्ये खोलीतल्या सामानासारखं नुसतं असणारं संगीत लिहून पाहिलं होतं. पण या प्रकाराला आजचं रूप दिलं ते इंग्लंडच्या ब्रायन ईनो यानं. १९७५ मध्ये अपघातानंतर तो घरी पडून होता. हार्पची एक रेकॉर्ड लावलेली होती, आवाज फार कमी होता आणि उठून तो वाढवण्याचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता. पावसातून मधूनच वर येणारे सूर ऐकताना संगीत असंही ऐकता येतं, हे त्याच्या लक्षात आलं. १९७८ मध्ये त्याचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम आला आणि ‘ॲम्बियंट’ हे नाव रूढ झालं.

आपल्याकडं हे सगळं उशिरा आलं, असं समजण्याचं कारण नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यानं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला होता. गीता साराभाईंसह काही भारतीय संगीतकारांनी तिथं टेपवर जे प्रयोग केले, ते २०२३ मध्ये अल्बम होऊन जगापुढं आले. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही, पण २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रसिकांनी ती डोक्यावर घेतली. आणि रियाज करणाऱ्या घरांतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा? न थांबता आधारस्वर धरून ठेवणारं यंत्र म्हणजे या संगीताचा निम्मा पाया, आणि तो आपल्या घरांत कित्येक वर्षं वाजतो आहे.

आणखी एक उदाहरण मला मुद्दाम द्यायचं आहे, कारण त्याचा आपल्या भागाशी अनपेक्षित मेळ बसतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत मॉर्टिस आणि त्याच्यासारख्या काही तरुणांनी स्वस्त कीबोर्डवर जुने किल्ले, तळघरं, ओसाड वाडे डोळ्यांसमोर उभे करणारं संगीत करायला सुरुवात केली. पुढं त्याला ‘डंजन सिंथ’ हे नाव मिळालं. या प्रकारात खरखर, मर्यादित आवाज, घरगुती रेकॉर्डिंग हे दोष मानले जात नाहीत, ते त्याच्या रंगाचाच भाग आहेत. आता नकाशा पाहा. औशाचा भुईकोट, उदगीरचा किल्ला, कंधारचा खंदक, माहूरचा डोंगरी किल्ला, होट्टलची चालुक्यकालीन देवळं. ज्या जागांची कल्पना करून हे संगीत युरोपात रचलं जातं, तशा जागा लातूर-नांदेडच्या मुलाला बसच्या तिकिटात गाठता येतात. त्या जागांवर कुणी तसं संगीत रचावं, असं मला मनापासून वाटतं.

आता सामानाकडं वळू. कीबोर्डला आपल्याकडं सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. घरात, नातेवाइकांकडं, ऑर्केस्ट्रातल्या ओळखीच्या वादकाकडं एखादा जुना पडून असेल, तर आधी तो मागा. विकतच घ्यायचा असेल तर ६१ पट्ट्यांचा, सस्टेन पेडलची सोय असलेला आणि मागं यूएसबीचं भोक असलेला घ्या. पाचशे-सहाशे आवाज आहेत की दोनशे, याला या कामात महत्त्व नाही. ‘स्ट्रिंग्ज’, ‘पॅड’, ‘क्वायर’, ‘चर्च ऑर्गन’ असे लांब टिकणारे पाच-सहा आवाज चांगले असले की झालं. वापरलेला घेताना प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहा, आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ऐका, आणि हेडफोनची पिन हलवून पाहा. ती सैल असेल तर सौदा सोडा. कीबोर्डचा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा झाला, तर तो त्याच भोकातून जाणार आहे.

वाद्यापासून कॉम्प्युटरपर्यंत दोन रस्ते आहेत आणि ते मुळातच वेगळे आहेत. पहिला यूएसबीचा. साध्या कीबोर्डच्या यूएसबी वायरीतून बहुतेक वेळा आवाज जातच नाही, फक्त हुकूम जातात: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानं, आता सोडली. या भाषेला मिडी म्हणतात. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीनं जोडून ती पहिल्यांदा दाखवली गेली. त्या वेळी ठरलेली ० ते १२७ ही मोजपट्टी आजही चालते. हुकूम आल्यावर आवाज काढायचं काम कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. म्हणजे कीबोर्डचा स्वतःचा आवाज कितीही बेताचा असला तरी बिघडत नाही. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन्ही सॉफ्टवेअर सिंथेसायझर फुकट मिळतात आणि त्यांचा आवाज एकेकाळच्या लाखमोलाच्या यंत्रांच्या तोडीचा आहे. या रस्त्याचा खर्च एका वायरीचा.

दुसरा रस्ता प्रत्यक्ष आवाजाचा. हेडफोनच्या भोकातून वायर काढायची आणि ऑडिओ इंटरफेस नावाच्या छोट्या डबीतून लॅपटॉपला जोडायची. ही वायर नीट मागून घ्या: एका टोकाला स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ती थेट खुपसू नका. ते भोक माइकच्या क्षीण संकेतासाठी केलेलं असतं आणि बहुधा मोनो असतं. कीबोर्डचा जोरकस आवाज तिथं फाटतो. साधा इंटरफेस पाच हजारांच्या आसपास मिळतो. पण पहिल्या महिन्यात तो घेऊच नका. यूएसबीच्या रस्त्यानं चार-दोन रचना करून पाहा, आणि कीबोर्डचा स्वतःचा आवाज खरंच हवासा वाटला तरच हा खर्च करा.

दुसऱ्या रस्त्यावर एक शत्रू हमखास भेटतो: सतत चालणारी बारीक घूं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. कीबोर्ड आणि लॅपटॉप दोघांचे ॲडॉप्टर जोडलेले असले, की तिचा अंश वायरीत शिरतो. ५० हर्ट्झ म्हणजे अगदी खालच्या सप्तकातली पांढरी पाच, पण किंचित चढी. ही घूं १००, १५० हर्ट्झवरही ऐकू येते. लांब सुरांच्या संगीतात ती लपत नाही. काळी एकमध्ये तुम्ही सूर धरला असेल, तर ती त्याच्याशी सतत भांडत राहते. उपाय सोपा आहे. कीबोर्डमध्ये सेल घाला आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. बरेचसे साधे कीबोर्ड सहा पेन्सिल सेलवर चालतात. बहुतेक वेळा घूं तिथंच थांबते. याचा दुसरा फायदा आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको: लाईट गेली तरी रेकॉर्डिंग चालू राहतं.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. ऑडासिटी फुकट आहे. नुसतं रेकॉर्ड करून कापाकापी करायला ते पुरतं. थरावर थर रचायचे असतील तर रीपर बघा. ते ६० दिवस मोफत वापरता येतं आणि पुढं वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. जुन्या, कमी ताकदीच्या लॅपटॉपवरही ते चालतं. फोनच असेल तर बँडलॅब. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. स्टीरिओ आवाजाचा एक मिनिट सुमारे १७ एमबी घेतो, तासाला जेमतेम एक जीबी. आवाजाची पातळी वर लाल रेषेपर्यंत नेण्याचा मोह अनेकांना होतो. ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड केलेला सूर नंतर मोठा करता येतो, फाटलेला सूर मात्र दुरुस्त होत नाही.

शिल्लक पैसे हेडफोनमध्ये घाला, आणि तो वायरीचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. पट्टी आत्ता दाबायची आणि सूर नंतर ऐकायचा, असं वादन होऊ शकत नाही. कॉम्प्युटर स्वतःही थोडा उशीर लावतो. सेटिंगमध्ये १०२४ सॅम्पलचा बफर असेल तर सुमारे २१ मिलिसेकंद. तबल्यासाठी हे जड जातं. पण ज्या सुराला पूर्ण उमलायलाच एक सेकंद लागतो, त्याला २१ मिलिसेकंद काय करणार? हे संगीत जुन्या लॅपटॉपला मानवतं ते यामुळंच. पेटी वाजवणाऱ्या हाताला तर आणखी सोपं जातं, कारण सूर धरून ठेवणं त्याला शिकवावं लागत नाही.

इथं पेटीवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला सारखाच लागू होणारा मुद्दा येतो. कीबोर्डचे बारा स्वर सारख्या अंतरावर कापलेले आहेत. निसर्गतः जुळणारा शुद्ध गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा, खाली असतो. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवलं, त्यामागं मींड येत नाही या तक्रारीबरोबर ही तक्रारही होती. जलद गाण्यात हा फरक निसटतो. लांब सुरात तो उघडा पडतो. पांढरी एकचा मध्य षड्ज आणि त्याचा गंधार ऑर्गनच्या आवाजात एकत्र धरा. त्यांच्या वरच्या सुरांमध्ये सेकंदाला सुमारे दहा वेळा थरथर ऐकू येईल. षड्ज-पंचम धरा, तर हेलकावा सेकंदाला जेमतेम एकदा, आणि एक सप्तक खाली गेलात तर दोन सेकंदांना एकदा. हा संथ हेलकावा श्वासाच्या जवळचा आहे आणि तो फुकट मिळतो. म्हणून पहिल्या रचनांचा पाया षड्ज-पंचमावर ठेवा. गंधार हवाच असेल तर तो थोडा वेळ येऊन विरून जाऊ द्या. आणि ज्याला अगदी जुळलेला गंधार ऐकायचा आहे, त्यानं सर्जमध्ये स्वरांची अंतरं बदलून पाहावीत. ती सोय त्यात आहे.

रचना कशी करायची, याचं एक तंत्र ईनोच्या त्याच अल्बममध्ये आहे. त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या पट्ट्या गोल जोडून एकत्र फिरत ठेवल्या. एक साधारण साडेतेवीस सेकंदांची, दुसरी सव्वीसच्या आसपास, तिसरी तिशीच्या जवळ. प्रत्येकीवर एकच सूर, पण ते दर वेळी नव्या अंतरानं एकमेकांना भेटतात. रीपरमध्ये हे दहा मिनिटांत करता येतं. १७, १९ आणि २३ सेकंदांचे तीन तुकडे घ्या. पहिल्यात खर्जाचा षड्ज, दुसऱ्यात पंचम, तिसऱ्यात कोमल निषाद किंवा रिषभ. प्रत्येक तुकड्यात सूर एकदाच येऊन विरू द्या, उरलेला वेळ रिकामा ठेवा. तिन्ही पुन्हा पुन्हा लावा. या तीन आकड्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळं तोच मेळ पुन्हा जुळायला ७,४२९ सेकंद, म्हणजे दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तीन सूर आणि दोन तासांत पुनरावृत्ती नाही. तुमचं काम उरतं ऐकत राहण्याचं, आणि त्यातली सर्वांत सुंदर आठ मिनिटं निवडण्याचं.

या संगीतात जागा तयार होते ती घुमण्यातून. खोलीत घुमणं किती वेळ टिकेल हे खोलीचं आकारमान आणि भिंती आवाज किती शोषतात यावर ठरतं. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १९००च्या आसपास हा हिशोब बसवला. दहा बाय बाराची, दहा फूट उंच, सिमेंट-फरशीची रिकामी खोली त्या हिशोबानं दीड-पावणेदोन सेकंद घुमते. गाद्या, कपाट, वाकळा आल्या की ते झपाट्यानं उतरतं. वायरीतून आलेल्या सुराला यातलं काहीच मिळत नाही, तो कोरडा असतो. त्याला घुमण्याची जागा नंतर द्यायची, आणि ती कितीही मोठी देता येते. व्हॅल्हाला सुपरमॅसिव्ह हे मोफत सॉफ्टवेअर असलं तर दहा-वीस सेकंदांची शेपटी सहज लागते. नवा माणूस ती सगळ्याच सुरांना लावतो आणि सगळं एकात एक मिसळून गढूळ होतं. खर्जाचा सूर जवळजवळ कोरडा ठेवा, वरचे सूर खोल पाठवा. घुमण्यातले २०० हर्ट्झच्या खालचे भाग कापून टाका. एवढ्यानं निम्मा गढूळपणा जातो.

याहून पुढचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. खऱ्या जागेचं घुमणं फोनमध्ये भरून आणता येतं. औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत सकाळी लवकर, कुणी नसताना जा. रेकॉर्डर चालू करा, फोन दगडावर ठेवा, चार-पाच पावलं लांब उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हलू नका. फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारातच घ्या. लेण्यांत देव आहेत, लोक दर्शनाला येतात, त्यांच्या वेळात हे करू नका. घरी येऊन ती टाळी रीपरमधल्या रीव्हर्ब नावाच्या साधनात भरली, की तुमचा कोणताही सूर त्या लेण्यात वाजल्यासारखा घुमतो. उदगीरच्या किल्ल्यातल्या कमानींखाली, कंधारच्या तटातल्या खोल्यांत, होट्टलच्या सभामंडपातही हेच करता येईल. अशा दहा-वीस टाळ्यांचा संग्रह म्हणजे मराठवाड्यातल्या जुन्या वास्तूंची ध्वनिवही होईल. वास्तू ढासळते, तिच्या दुरुस्तीत चुना-सिमेंट बदलतं, तसा तिचा आवाजही बदलतो. फोटो सगळे काढतात, हे कुणीतरी करायला हवं.

भोवतालचे आवाज सुरांखाली हलके अंथरले की रचनेला ठिकाण मिळतं. पत्र्यावरचा मृगाचा पाऊस, मळणी यंत्रात पडणारं सोयाबीन, पहाटे लातूरच्या गंजगोलाईत वर जाणारी दुकानांची शटरं, गोदावरीच्या घाटावरचं पाणी. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन किंवा औशाच्या नाथ संस्थानातलं भजन मात्र परवानगीशिवाय टिपू नये आणि टिपलं तरी सजावट म्हणून वापरू नये. ती कुणाची तरी उपासना आहे.

शेवटी हे सगळं जाणार कुठं? यूट्यूब आणि बँडकॅम्प आहेतच. स्वतः रचलेल्या आणि रेकॉर्ड केलेल्या संगीताचा हक्क भारतात नोंदणीशिवायही तुमचाच असतो, आणि ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतं. पण मला जवळची वाट जास्त महत्त्वाची वाटते. नांदेडला, लातूरला दरवर्षी एकांकिका बसतात, राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं होतात, मुलं लघुपट काढतात. त्यांना पार्श्वसंगीत लागतं. अनेकदा ते एखाद्या सिनेमातून उचललं जातं, आणि लघुपट यूट्यूबवर टाकला की हक्काचा दावा येऊन पडतो. तिथं तुमच्या आठ मिनिटांना खरी मागणी आहे. दिग्दर्शकाला दोन फाइल द्या, एक सगळ्या थरांची आणि एक फक्त खर्जाच्या आधारस्वराची. नट बोलत असताना दुसरीच चालते. पहिलीत मधल्या सप्तकाचे सूर असतात, आणि ते शब्द खातात.